खिळ्यावरचा हॉर्न

आधी नाव सांगतो, मग गोष्ट. शेषराव मिस्त्री. नागपूरला नंदनवनात पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाड्या नीट करतात. त्या दिवशी माझ्या एका शब्दावर त्यांनी स्वतःचा वीस वर्षांचा नियम मोडला. म्हणून आज मी हे लिहायला आहे… आणि तेही आहेत, समोरच्या टपरीवर चहा पीत.

मी देवगडकडचा. शाळा आठवीतच सोडली. भुताखेतांच्या गोष्टी आमच्याकडे ढिगानं, प्रत्येक विहिरीला दोन तरी. त्यातल्या एकीवरही मी कधी विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाही. तेव्हा 'कोकणातला आहे, असं लिहिणारच' अशी कमेंट टाकायला ज्यांची बोटं शिवशिवत असतील, त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं. मग खुशाल टाका.

आमच्या शेडचं खरं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली माणूस टिकत नाही आणि पावसाळ्यात पेंट. त्यामुळे जुन्या गाड्यांची मोठी कामं सगळी थंडीत. फेब्रुवारीत जुन्या गाड्यांचा मेळा असतो, त्याआधी त्या रस्त्यावर आल्या पाहिजेत. मग कोणती गाडी आधी उघडायची, पत्र्याचं काम कधी, पेंट कधी, हे सगळं मिस्त्री भिंतीवर खडूनं आखतात. पेंट तर अकरा ते चारमध्येच. सकाळच्या दवात मारला तर पांढरट पडतो.

त्या वर्षी मिस्त्रींनी खडू माझ्या हातात दिला.

"यंदा तू आख गा."

"मी? मिस्त्री, मला नाही जमायचं…"

"काहून? हात नाही का तुले?"

शेडमधला गजू पेंटर लगेच हसला. "आठवी पास इंजिनेर! फेब्रुवारीत गाड्या ढकलत नेऊ आपन."

तीन रात्री मला झोप लागली नाही. मी मुळातच घाबरट आहे. कुलूप लावलं तरी परत जाऊन ओढून बघणारा. इथे आल्यापासून एकच धास्ती होती – काहीतरी चुकेल आणि मला परत गावी जावं लागेल. आई फोनवर म्हणायचीच, "झिला, घराक ये रे." आणि घरी जाऊन करणार काय, ते तिलाही माहीत नव्हतं.

पण आखलं मी. चार गाड्या, साडेतीन महिने. अक्षर वाईट म्हणून शब्दांऐवजी चित्रं काढली. तशीच चित्रं मी चिठ्ठ्यांवरही काढतो. गाडीचा कुठलाही भाग उतरवला की त्याला तारेनं चिठ्ठी बांधायची आणि भिंतीवर खिळ्याला टांगायचं, ही शेडची पद्धत.

पहिली गाडी धरमपेठेतल्या एका वकीलसाहेबांची. त्यांच्या वडिलांची सत्तर वर्षांची विलायती गाडी, गोल नाकाची, बाटलीसारखी हिरवी. डिकीचा तळ गंजून पार चाळणी झालेला. तो कापून नवा पत्रा जोडायचा होता.

आता तो नियम सांगतो. आमच्या शेडमध्ये गाडीची मागची सीट मालकासमोरच निघते. जुन्या सीटखाली काय काय सापडतं – नाणी, चाव्या, पत्रं. एकदा एक सोन्याचं कानातलं निघालं आणि त्यावरून मिस्त्रींवर आळ आला. खोटा होता, पण तेव्हापासून त्यांनी मालक नसताना सीटला हात लावू दिला नाही. कोणालाच.

डिकीला ज्योत लावायच्या आधी सीट निघायला हवी, पण वकीलसाहेबांना रविवारशिवाय वेळ नव्हता. सीटसाठी थांबलो असतो तर माझ्या आखणीतले पाच दिवस वाया गेले असते. पहिल्याच गाडीला! म्हणून मी काय केलं… डिकीचा तळ गॅसनं कापायचं काम मंगळवारी घेतलं आणि सीट रविवारी. चूक माझीच होती, ती मी कोणावर ढकलत नाही. पेट्रोलची टाकी मी उतरवली होती, बॅटरी बाहेर होती. मला वाटलं, झालं.

मंगळवार, सकाळी अकराचा सुमार. लख्ख ऊन. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली. मिस्त्री खाली पाठीवर पडून, हातात गॅसची नळी. मी डिकीपाशी ओलं पोतं घेऊन उभा, तोंड भिंतीकडे. भिंतीवर त्या गाडीच्या अकरा वस्तू टांगलेल्या, अकरा चिठ्ठ्या. गजू दाराशी पत्रा घासत होता.

मिस्त्रींनी गॅस पेटवला आणि हॉर्न वाजला. तीनदा, तुटक. जुना घोगरा आवाज.

"कोन पोंगाडा वाजवून राहिला बे रस्त्यावर?" मिस्त्री खालून ओरडले. दचकल्यामुळे त्यांनी नळी बंद केली होती.

"कोनी नाही मिस्त्री, रस्ता खाली आहे," गजू म्हणाला.

मिस्त्रींनी पुन्हा पेटवला. पुन्हा तीनदा.

या वेळी मी भिंतीकडेच बघत होतो. त्या गाडीचा हॉर्न तिसऱ्या खिळ्यावर होता. दोन्ही वायरी तोडून मीच आठवड्यापूर्वी टांगला होता. त्याची चिठ्ठी थरथरत होती. बाकीच्या दहा चिठ्ठ्या जागच्या जागी. वारा नव्हता. रस्त्यावरून ट्रक गेला नव्हता. गेला असता तरी एकच चिठ्ठी कशी हलेल, हे मला कोणी शिकलेल्या माणसानं समजावून सांगावं.

धावलो आणि सिलिंडरचा कॉक बंद केला.

आमच्या धंद्यात हे फार मोठं आहे. मिस्त्री गाडीखाली असताना त्यांची ज्योत विझवायची, ती पण न विचारता… कानाखाली बसली असती तरी मी हूं केलं नसतं.

गजू लागलाच. "फाटली कोकण्याची! हॉर्न वाजला तं भूत दिसलं याले. लिंबू-मिरची आनू का वं बाई?"

"लिंबू आणलंस तर सरबत करून तुलाच पाजीन," मी म्हणालो.

मिस्त्री खालून सरकत बाहेर आले. कपाळावर गंजाचा भुगा. "काय झालं गा?"

मला हॉर्नचं सांगता येईना. ऐकायला किती वेडगळ वाटेल ते मलाच कळत होतं. डोक्यात एवढंच आलं: ही गाडी मी नटन् नट उघडली आहे, न बघितलेली जागा एकच राहिली.

"मिस्त्री, आधी मागची सीट काढू या."

पत्रा घासणारा गजूचा हात थांबला.

"रविवारी निघते ना सीट. तूच आखलं तसं."

"चुकीचं आखलं मी. सीट काढल्याशिवाय गॅस लावू देणार नाही."

"देनार नाही?" गजू म्हणाला. "शेडचा मालक कोन हाय बे?"

मिस्त्रींनी वकीलसाहेबांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. मग त्यांनी फोन खिशात टाकला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, बॅग भर. आत काही निघालं नसतं तर मालकामागे सीट उघडल्याचा बोभाटा झाला असता, परत तोच जुना आळ… आणि कोणासाठी? तर दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका परक्या माणसासाठी.

"पाना आन," ते म्हणाले.

सीटची पाठ सुटली. तिच्या मागे, डिकीच्या आडपडद्याला लागून, लाकडी खोकं ठोकलेलं होतं. त्यात गोणपाटात गुंडाळलेला पत्र्याचा चौकोनी डबा, तोंड मेणानं बंद. मिस्त्रींनी तो हलवला. आत काहीतरी डुचमळलं. अंगणात नेऊन, सगळ्यांना लांब करून, त्यांनी मेण खरवडलं. वार्निशसारखा उग्र वास आला. जुनं पेट्रोल. डबा अर्धा रिकामा – म्हणजे बाकी सगळी वाफ.

ज्योत लागणार होती तिथून ते खोकं एक वीत वर होतं. मी वीत ठेवून मोजलं.

गजू पत्र्यावरच बसला. नंतर चहा त्यानं आणला, न सांगता.

पाच वाजता वकीलसाहेब आले ते तणतणतच. "शेषराव, मी नसताना सीट काढली? तुमचाच नियम ना?"

"माहाच हाय साहेब. मोडला." आणि मिस्त्रींनी अंगणाकडे बोट दाखवलं.

डबा बघून ते मऊ झाले. "बाबांचा आहे हा. जंगलाकडे जायचे, वाटेत पेट्रोल मिळत नसे. मला वाटलं, केव्हाच फेकला असेल." मग हसले, जुनं काही आठवल्यासारखे. "फार जपायचे. गाडीजवळ कोणी काडी ओढली ना, की आतून हॉर्न मारायचे. तीनदा. आम्ही पोरं दचकायचो."

तोवर त्यांना हॉर्नबद्दल आम्ही एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. गजूनं माझ्याकडे बघितलं. मी मिस्त्रींकडे. मिस्त्री भिंतीकडे.

दुसऱ्या दिवशी मी तो हॉर्न उतरवून बॅटरीला जोडला. वाजला नाही. उघडला, तर आतली कॉइल जळून कोळसा झालेली, वर धुळीचं पुट. तो हॉर्न कित्येक वर्षांत वाजलेलाच नव्हता.

कोणी म्हणतं, रस्त्यावरचाच आवाज असेल. कोणी म्हणतं, डबा तू आधीच बघितला असशील. म्हणा. एका सुशिक्षित गृहस्थांनी तर मला 'मनाचे खेळ' समजावले. मी म्हटलं, साहेब, मन माझं एकट्याचं, पण तो हॉर्न तिघांनी ऐकला. मी भुताला मानत नाही आणि आता या वयात मानायला लागणारही नाही. पण जे बघितलं ते बघितलं. त्याचा उलगडा मला आजही करता येत नाही, आणि उलगडा नाही म्हणून ते झालंच नाही, असं मी कोणासाठीही म्हणणार नाही.

गाडी फेब्रुवारीत मेळ्याला गेली, पण सगळी परत तपासल्यामुळे पाच दिवस उशिरा तयार होऊन. तो हॉर्न अजून तिसऱ्या खिळ्यावरच आहे. वकीलसाहेब म्हणाले, राहू द्या.

शेडच्या मागे ताडपत्रीखाली मिस्त्रींची स्वतःची जुनी जीप आहे. त्यांच्या लग्नाची वरात तिच्यातूनच निघाली होती. दर दिवाळीला म्हणतात, यंदा हिला घेऊ. आणि दर थंडीत लोकांच्याच गाड्या होतात.

परवा त्यांनी पुन्हा खडू माझ्या हातात दिला. मी सगळ्यात वर, पहिल्या चौकोनात जीप काढली.

"हे कायले गा? गिऱ्हाइकाच्या गाड्या कोन करन?"

मी जीपच्या चौकोनाची रेघ आणखी जाड केली. यंदा ते पुसतील, मला माहीत आहे. पुढल्या वर्षीही पुसतील. पण मिस्त्री, तुम्ही हे वाचत नाही म्हणून इथे चार लोकांसमोर लिहून ठेवतो: एक अख्खी थंडी मी तुमच्या जीपला देणार. आणि त्या जीपची मागची सीट, तुम्ही समोर उभे असल्याशिवाय, काढणार नाही.