कंपनीच्या खोक्यातला ब्रेक

माझ्या गॅरेजवर दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो. विरारहून आगाशीला जाणाऱ्या रस्त्यावर गॅरेज आहे माझं, मोटारसायकलींचं. गिऱ्हाईक बसतं, चहा येतो, कोणाचं लग्न मोडलं इथपासून कोणाची वाडी बिल्डरकडे गेली इथपर्यंत सगळं बोलून होतं. पण एक गोष्ट तिथे कधी निघाली नाही. घरीही नाही. बायकोला तर नाहीच — आगाशीच्या बाजारात तिची आणि राऊतकाकूंची भेट होते.

तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. फार शूर कारण नाही, कबूल.

बाहेरच्या देशातून येणारे स्वस्त ब्रेक घालावेत का, असं मला आठवड्यातून दोनतीनदा तरी कोणी विचारतं. खरं सांगायचं तर स्वस्त म्हणजे वाईटच, असं नाही. त्यातले काही ब्रेक झिजेपर्यंत गुण्यागोविंदाने चाललेले मी पाहिलेत. पण पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव नसेल, तर तो चांगला की वाईट हे ठरवायचं कसं? मेकॅनिकलाही कळत नाही. बघून तर मुळीच नाही. म्हणून मी आता पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात देतो, म्हणतो, बघा आणि तुम्हीच ठरवा.

बघा, सांगायला काय बसलो आणि सल्ला देत सुटलो. शहाणपण पाजळणं सोपं असतं.

आमच्याकडे एक रीत आहे. नवा पार्ट बसवला की काढलेला जुना पार्ट नव्याच्या रिकाम्या खोक्यात घालून गिऱ्हाइकाला द्यायचा. वाडीवाली माणसं, जुना खिळाही टाकत नाहीत. ते खोकं घरी नेऊन फळीवर ठेवतात. काम झाल्याचा तोच पुरावा. खोकं कंपनीचं, म्हणजे आत बसलेला मालही कंपनीचा. यावर कोणी शंका घेत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

एक विक्रेता यायचा. त्याच्याकडे बाहेरून आलेले ब्रेक शू असायचे, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, नाव ना गाव. ब्रेक शू म्हणजे चाकाच्या ड्रममध्ये बसणारी अर्धगोल जोडी. तिच्यावर चिकटवलेली पट्टी ड्रमला घासते आणि गाडी थांबते. तो म्हणाला, माल तोच आहे, फक्त खोकं नाही. मी मान डोलावली. मला पटलं होतं का? मला पटवून घ्यायचं होतं. आणि खोकी माझ्याकडे होतीच — कंपनीची, रिकामी, नीट जपून ठेवलेली. मी हे शू बसवायचो, जुने त्या खोक्यात घालायचो आणि हसून हातात द्यायचो. पैसे अर्थात कंपनीच्या मालाचे.

माझ्या स्वतःच्या गाडीला मात्र मी ते शू कधी घातले नाहीत. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

राऊतकाका आगाशीचे. केळीची आणि फुलांची वाडी, जुनी शंभर सीसीची मोटारसायकल, आणि दर रविवारी काकूंना मागे बसवून फुलपाड्याला मुलीकडे जायचा नेम. नातीसाठी केळ्यांची फणी मांडीवर घेऊन काकू बसायच्या. मी गॅरेज टाकलं तेव्हा पहिली गाडी त्यांनी आणली होती. नंतर निम्मं आगाशी त्यांच्या शब्दावर माझ्याकडे आलं. त्यांच्या गाडीला तरी कंपनीचा माल घालावा, असं मनात आलं होतं का? आलं होतं. हात मात्र पिशवीकडेच गेला.

काकांनी ते खोकं उघडून जुने शू पाहिले आणि म्हणाले, "तुझं काम म्हणजे बघायलाच नको."

तिसऱ्याच रविवारी, भर सकाळी, मुलीकडे जाताना, पुढे उभ्या असलेल्या टेम्पोवर त्यांची गाडी आदळली. काकू उडून पडल्या. उजवं मनगट मोडलं. ते पुढे जुळलं, पण वाकडंच जुळलं. काकांच्या कपाळाला टाके पडले.

गाडी माझ्याकडेच आली. दुसरीकडे कशाला जाईल? मी मागचं चाक उघडलं. पट्टी शूवरून सुटून आली होती, तिचे तुकडे ड्रममध्ये पडले होते. पुढचा ब्रेक काका भीतीने वापरायचेच नाहीत, सगळी भिस्त मागच्यावर. मग ते तुकडे मी भंगाराच्या डब्यात टाकले, वर दुसरं भंगार ओतलं, आणि गाडीला कंपनीचे शू बसवले. खरेखुरे.

चार दिवसांनी काका आले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि हळूच विचारलं, "पन ब्रेक बरोबर होता ना रे?"

मी म्हणालो, "एकदम ठणठणीत होता, काका."

त्यांनी उजवा पाय जमिनीवर दाबून बघितला. मग म्हणाले, "म्हंजे माजाच पाय उशिरा पडला."

इथे तरी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं — आणि म्हणालो, "होतं असं, काका. वय होतं." हे मला कोणी बोलायला लावलं नव्हतं. गप्प राहिलो असतो तरी निभावलं असतं. मीच वर ही भर घातली.

त्यांनी गाडी विकली. गिऱ्हाईक मीच शोधून दिलं. गाडी नजरेआड झाली तेव्हा मला — सांगतो, सगळंच सांगतो — सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटलं. रविवारचं फुलपाडा आधी पंधरवड्यावर गेलं, मग सणावारावर. बस, पुढे रिक्षा, रेल्वेच्या पुलावरची गर्दी, आणि काकूंचा तो हात. मुलगी म्हणते, आता तुम्ही येऊ नका, मीच येते. तिलाही नोकरी आहे. किती येणार?

पिशवीतला उरलेला माल मी फेकून दिला. तसं पुन्हा केलं नाही. पण याने काकांचं काय भलं झालं? काहीच नाही.

मागच्या महिन्यात बाजारात काकू भेटल्या. काका पलीकडे पानवाल्याशी बोलत उभे होते. काकू म्हणाल्या, "आता रस्ता ओलांडताना पन माजा हात धरतात. म्हनतात, माज्या पायाचा भरवसा नाय. माजा हात त्यांनीच मोडला, असं धरून बसलेत. तू तरी समजाव ना त्यांना, तुजं ऐकतात."

मी हो म्हणालो. मग काका आले, त्यांनी काकूंचं ते वाकडं मनगट नीट सांभाळून धरलं, आणि दोघं रस्ता ओलांडून गेली. मी हाक मारली नाही. मला लाज वाटली, भीतीही वाटली, आणि भीती मोठी निघाली.

त्या रविवारी काकांचा पाय वेळेवर पडला होता. ब्रेक लागला नाही. तो मी बसवला होता.