टिकलीवालं पुस्तक

मागच्या वर्षी आमच्या गावच्या वाचनालयाने माझा सत्कार केला. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुण मास्तरांनी सांगितलं, "गुरुजींना चांगल्या पुस्तकाचा वास यायचा. कपाट उघडलं की त्यांचा हात नेमका चांगल्या पुस्तकावर पडायचा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एक पुढारी उठले. त्या काळी गावाला वाचनाची गोडी होती, टीव्ही आला आणि ती मेली, असं म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला.

दोन्ही गोष्टी खोट्या. मी माईक मागून घेतला आणि तसं बोललो. म्हणालो, तो वास मला नव्हता, एका बाईंना होता, आणि वाचनाची गोडी आमच्या कमिटीने मारली. त्यावर ते तरुण मास्तर हसून म्हणाले, "हाच गुरुजींचा विनय!" पुन्हा टाळ्या.

त्या टाळ्यांचा राग अजून उतरलेला नाही. म्हातारा खरं बोलला की तो विनय, आणि बाई खरं बोलली की तो उद्धटपणा. तेव्हा आता लिहूनच ठेवतो. लिहिलेल्याला मधेच टाळ्या वाजवून कुणी थांबवू शकत नाही.

आमचं गाव नागपूर-अमरावती रस्त्यावर, कारंजा आणि तळेगावच्या मधलं. सत्तरच्या दशकात मी तिथे प्राथमिक शाळेत शिक्षक होतो आणि संध्याकाळी वाचनालय उघडून बसत असे. पुढच्या खोलीत बाकांवर पुरुष वर्तमानपत्र वाचत. मागच्या खोलीत कपाटं. कपाटांना कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात. वाचकाने कपाटाला हात लावायचा नाही, हा नियम. आमचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते. ते म्हणत, "वाचकाचा हात कपाटात गेला की पुस्तक गेलं."

नवीन पुस्तक आलं की पहिलं काम त्याला खाकी कव्हर घालण्याचं. मुखपृष्ठावरचं चित्र, नाव, सगळं झाकलं जाई. पाठीवर आकडा. सगळी पुस्तकं एकाच शाळेतल्या पोरांसारखी गणवेशात उभी. वाचकाने दारात उभं राहून म्हणायचं, "द्या एखादं", आणि मी हाताला लागेल ते द्यायचं. बायका स्वतः येत नसत, घरातल्या कुणाला तरी पाठवत. निरोप ठरलेला असे: "जाडं द्या मन्ते." चांगलं पुस्तक ओळखण्याची गावाजवळ तेवढीच एक खूण होती, जाडी.

आणि चांगलं म्हणजे काय, हे आम्हाला तरी कुठे माहीत होतं? शाळेत कादंबरीला 'अवांतर वाचन' म्हणत. काय शब्द आहे! अवांतर म्हणजे मुख्य सोडून उरलेलं. ताटात भाजी-भाकरी वाढून झाल्यावर कडेला जागा राहिलीच तर घातलेली चटणी. दिवसभर राबून संध्याकाळी घटकाभर कुणाला आनंदाने वाचावंसं वाटलं, तर त्या आनंदाचं नाव अवांतर! आमची कमिटी पुस्तकं घ्यायची ती थोरामोठ्यांची चरित्रं, नीतिपाठ, कुणाच्या साडूचे कवितासंग्रह. हेडमास्तरांचं स्वतःचं बोधपर लेखांचं पुस्तक होतं, स्वखर्चाने छापलेलं. त्याच्या प्रतींनी एका कपाटाचा अख्खा खण भरला होता, आणि प्रत्येक वाचकाला ते एकदा तरी द्यावं, असा मला हुकूम होता. मी तो पाळत असे.

अशात पोस्टात एक नवे बाबू बदलून आले. त्यांची बायको आठवड्याभरातच वाचनालयाच्या दारात स्वतः हजर. बाकांवरचे पुरुष वर्तमानपत्रावरून डोळे काढून बघत राहिले. मी नेहमीप्रमाणे एक पुस्तक काढून पुढे केलं. त्यांनी ते उघडलं, मिटलं.

"गुरुजी, हे तुम्ही वाचलं काय?"

"नाही वहिनी."

"मंग मले काऊन देऊन राह्यले?"

बाकांवर कुणीतरी खोकलं. मी दुसरं काढलं. तेही मी वाचलेलं नव्हतं. तिसरंही. शेवटी त्या म्हणाल्या, "द्या ते पहिलंच. आपल्या दोघांतून एकानं तरी वाचून पाहू."

चार दिवसांनी पुस्तक परत करताना म्हणाल्या, "शेवटचं पान पाहा." पाहिलं, तर खाली कोपऱ्यात कुंकवाची बारीक टिकली.

"हे काय वहिनी?"

"चांगलं हाय. मेणावर लावली, झडत नाई. आता पुढच्या बाईले देताना तुमाले डोळे झाकून नाई द्यावं लागनार."

पुढचं पुस्तक नीतिपाठाचं गेलं. त्याच्या शेवटच्या पानावर हळदीचं बोट आलं. मी न विचारताच त्यांनी सांगितलं, "हे कोनाले देऊ नका. झोप नसन येत त्याले द्या."

संक्रांतीच्या हळदीकुंकवात ही भाषा गावभर झाली. कोण कोणाकडे बसली होती आणि काय बोलली, हे मला ठाऊक नाही. पण महिनाभरात टिकलीखाली टिकल्या येऊ लागल्या. एखाद्या पुस्तकावर तीन, एखाद्यावर पाच, एखाद्यावर टिकली आणि शेजारी हळद, म्हणजे दोघींचं भांडण. निरोप बदलले. 'जाडं द्या' गेलं आणि 'टिकलीवालं द्या' आलं. पुढे पुरुषही लाजतलाजत विचारू लागले. गिरणीवाले भाऊ इकडेतिकडे बघून हळूच म्हणत, "घरी पायजे हो, टिकलीवालं एखादं," आणि घरी बायकोच्या आधी स्वतः वाचत. हे त्यांच्या बायकोनेच सगळीकडे सांगितलं होतं.

मी मात्र कपाट उघडायचो, पाठ वळवून शेवटचं पान बघायचो आणि पुस्तक पुढे करायचो. लोक म्हणू लागले, गुरुजींना बरोबर कळतं. तळेगावच्या शाळेने मला 'फावल्या वेळात काय वाचावं' यावर बोलायला बोलावलं. मी बोललो. टिकल्यांचा उल्लेख केला नाही.

एक गोष्ट मात्र खरीच माझी होती. टिकल्यांच्या मागे लागून मीही वाचायला लागलो होतो. एकदा एक नवी कादंबरी कुणाकडे जाण्याआधी मी घरी नेली, आणि ती संपली तेव्हा मला राहवलं नाही. शिक्क्याच्या पॅडवर बोट टेकवून मी शेवटच्या पानावर जांभळा ठिपका दिला. वहिनींनी ते पुस्तक परत केलं तेव्हा विचारलं, "हे टिकली कोनाची हो गुरुजी? कुंकवाची तर दिसत नाई."

"असेल कोणाची तरी."

"ज्याची असन त्याले सांगजा, पसंद चांगली हाय."

आयुष्यात मला बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली. मनापासून आवडलेलं तेवढं एकच.

पुढे दसरा आला. दसऱ्याला वाचनालयात सरस्वतीपूजन असे. सगळं गाव येई, बायका मागे सतरंजीवर बसत. हेडमास्तरांनी पूजेसाठी कपाटातून स्वतःचं पुस्तक काढायला सांगितलं. मी घाईत काढलं आणि नेमकी वाचकांकडे फिरणारी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ते चाळलं आणि शेवटचं पान लागलं. अख्खं पान पिवळंधमक. माझ्या हुकूमपालनामुळे ते प्रत्येक घरी जाऊन आलं होतं आणि प्रत्येक घराने आपलं बोट उठवलं होतं.

हेडमास्तर मंडळींकडे वळले. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी वर धरलं. "बघा, बघा मंडळी! आपल्या माता-भगिनींनी या ग्रंथाला हळद वाहिली आहे. कुठल्या लेखकाच्या वाट्याला हे भाग्य येतं?"

सतरंजीवर आधी पदर तोंडात गेले. मग एकीला आवरलं नाही. तिच्या पाठोपाठ दुसरी. शेवटी एक म्हातारी आजी, त्यांना वाटलं बिचाऱ्या हेडमास्तरांना कुणी समजावूनच सांगितलं नाही, म्हणून प्रामाणिकपणे ओरडून बोलल्या, "अहो मास्तर, ते पूजा नोहे! कोनी नेऊ नये मनून लावली हो हळद!"

मग सगळी खोलीच हसली. पुरुषही. हेडमास्तर पुस्तक वर धरूनच उभे राहिले.

त्यांचं दुःख मला कळतं. पण त्या दुःखाचं त्यांनी आणि आम्ही पुढे जे केलं त्याला माफी नाही. दोन दिवसांत कमिटीची बैठक भरली. विषय: पुस्तकं बाटवल्याबद्दल. दसऱ्याला ज्यांनी पुस्तकांना हळदकुंकू वाहिलं, तेच लोक म्हणत होते की हळदकुंकवाने पुस्तकं बाटली! पोस्टातल्या बाबूंना बोलावणं गेलं. बाबू आले नाहीत, वहिनी आल्या.

"हे तुम्ही सुरू केलं?" हेडमास्तरांनी विचारलं.

"हाव."

"वाचनालयाच्या पुस्तकाला डाग लावायचा अधिकार कोणी दिला?"

"डाग नोहे ते, सर. मत हाय. तुम्ही पुस्तक लिवलं, आमी मत देलं. तुमचं छापून आलं, आमचं बोटानं लावा लागलं. इतकाच फरक."

कमिटीवरचे वकील म्हणाले, "बाई, जरा मर्यादेनं बोला." टेबलावर पुस्तकांचा ढीग होता. हेडमास्तर एकेक उघडून टिकलीवर बोट घासून बघत होते. बोट लाल होत होतं. एका पुस्तकावर ते थांबले. बोट घासलं, लाल झालं नाही.

"ही जांभळी कोणाची?"

मी टेबलाच्या टोकाला बैठकीची टिपणं घेत होतो. शिक्क्याचं पॅड माझ्या कोपराशी होतं. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, थोडं थांबल्या. ते थांबणं माझ्यासाठी होतं. मी खाली बघून लिहीत राहिलो.

"तेही माहीच," त्या म्हणाल्या.

लगेच वकिलांनी धागा पकडला. शिक्क्याची शाई बाईजवळ कुठून आली? पोस्टातून. म्हणजे बाबू सरकारी शाई घरी नेतात. वरच्या ऑफिसला कळवावं लागेल. बोटभर शाई! आमच्या गावात सिमेंटच्या गोण्या सरकारी कामावरून घरी जात आणि कुणाला शाई सुचत नसे. वहिनींचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. नवऱ्याच्या नोकरीवर येईल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आता बोललेलं मागे घेता येत नव्हतं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते मी बोललो नाही. वाचनालयाचं मानधन, हेडमास्तरांची शाळाखात्यात असलेली ओळख, ही कारणं तेव्हा मोठी वाटली. आज ती सांगायचीही लाज वाटते.

त्यांचं सभासदत्व रद्द झालं. तक्रार प्रत्यक्षात गेली की नुसती धमकी होती, मला शेवटपर्यंत कळलं नाही. बाबूंनी स्वतःच बदली मागून घेतली आणि उन्हाळ्याच्या आत ते कुटुंब गाव सोडून गेलं. जाताना वहिनी वाचनालयावरून गेल्या, पण आत वळल्या नाहीत.

कमिटीने शिवाय नियम केला: कादंबऱ्या घरी द्यायच्या नाहीत, इथेच बसून वाचायच्या. कुठे बसून? पुरुषांच्या बाकांवर? एकही बाई आली नाही. टिकल्या ओल्या फडक्याने पुसायचं काम माझ्याकडे आलं. मेणावरच्या टिकल्या पुसल्या की पसरतात. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तांबूस डाग राहिला, आणि त्याने पुस्तक खरोखरच खराब झालं. निरोप पुन्हा 'जाडं द्या' वर आले, मग तेही थांबले. गिरणीवाले भाऊ वर्तमानपत्र वाचून घरी जाऊ लागले.

टीव्ही गावात आला तो यानंतर बऱ्याच वर्षांनी. त्याने मारायला वाचक उरलेच कुठे होते? टीव्हीवर खापर फोडणं सोयीचं आहे, एवढंच. त्याला बैठकीला बोलावता येत नाही आणि तो उलट उत्तर देत नाही.

सत्कारानंतर वाचनालयात माझा फोटो लावायचं ठरलं. खिळासुद्धा ठोकून झाला. मी फोटो दिला नाही. त्या तरुण मास्तरांना घरी बोलावून हे सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग गुरुजी, त्यांचं नाव तिथे लिहू. काय नाव त्यांचं?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. सभासदाचं कार्ड बाबूंच्या नावाचं होतं. सभासदत्व रद्द करण्याच्या ठरावात मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'पोस्टातील बाबू यांच्या पत्नी'. गाव त्यांना पोस्टवाल्या बाई म्हणे, मी वहिनी म्हणत असे. ज्यांच्या जोरावर मी इतकी वर्षं जाणकार म्हणून मिरवलो, त्यांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या काळी हायवेवरच्या पोस्टात राहून गेलेलं हे कुटुंब कुणाच्या ओळखीचं असेल, तर वाचनालयाला नाव कळवावं. बाबूंचं नको, ते माझ्याजवळ आहे. त्यांचं कळवावं. खिळा अजून रिकामा आहे.