उसनी छाती

नृसिंह तारळेकर शिवाजी पेठेत जन्मला, पेठेतच वाढला आणि पेठेला नाकं मुरडण्यात त्यानं जन्म घालवला. त्याचं बिऱ्हाड आमच्या समोरच होतं, म्हणून हे सगळं मला जवळून माहीत आहे. शेजारी कुणी खोकलं की हा धोतराचा सोगा नाकाला लावायचा. संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळून चिखलानं माखून परतली की, असल्यांत राहून माणसाचं जनावर होतं, असं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचा.

दरबारच्या कचेरीत तो कारकून होता. संस्थान विलीन झालं, मुंबईकडचा साहेब आला आणि त्यानं याचं टेबल खिडकीजवळून उचलून दाराशी नेऊन ठेवलं. एवढ्यावरून या गृहस्थानं देश सोडायचं ठरवलं. त्याचा मामेभाऊ कॅनडात लाकडाच्या गिरणीत हिशेबनीस होता. त्याच्या वशिल्यानं त्रेपन्न साली याचा तिकडं कायमचं राहायला जाण्याचा अर्ज पुढं सरकला. तेव्हापासून तो आमच्याशी बोलायचा ते जहाजाच्या कठड्यावरून खाली बघितल्यासारखं.

पण कॅनडावाल्यांची तपासणी कडक होती. डोळ्यांत खुपऱ्या चालत नसत, देवी टोचलेली लागे, आणि छातीच्या फोटोत क्षयाचा डाग दिसला की माणूस बाद. पुण्याच्या डॉक्टरनं बाकी सगळं तपासून पास केलं. छातीचा फोटो तेवढा गावातच काढून पाठवायचा होता, आणि तिथं तारळेकराचं धाबं दणाणलं. त्याचे वडील क्षयानं गेले होते. त्याला स्वतःला रोज सकाळी खोकला यायचा आणि तो उशीत तोंड खुपसून दाबायचा. हे त्याच्या बायकोनं, श्यामलावहिनींनी, फार पुढं आम्हाला सांगितलं.

मग याला जनावरांची आठवण झाली. आमच्या गल्लीतला जोतीराम गुळाच्या बाजारात हमाली करायचा आणि पेठेच्या संघात बॅकला खेळायचा. त्याची आई चिमणाबाई घरोघर दुधाचा रतीब घालायची. तारळेकरानं त्या पोराला गाठून गोड बोलून सांगितलं की, कचेरीच्या विम्यासाठी फोटो हवा आहे, मला वेळ नाही, तू माझं नाव सांगून काढून ये. बदल्यात मुंबईहून फुटबॉलचे बूट मागवून देण्याचं कबूल केलं. तोवर जोतीराम अनवाणीच खेळत होता. तो हसत गेला, तारळेकर म्हणून नाव सांगितलं, सदरा काढला, दम रोखून उभा राहिला. फोटो पुढं दिल्लीला, कॅनडाच्या वकिलातीत गेला.

दिल्लीहून उत्तर आलं, ते असं: अर्जदाराच्या डाव्या फुप्फुसाला क्षय झालेला आहे, प्रवेश मिळणार नाही, ताबडतोब औषधपाणी करावं.

तारळेकर आजाऱ्यासारखा अंथरुणाला खिळला. श्यामलावहिनींनी त्याची ताटवाटी वेगळी केली, देवीला नवस बोलल्या, रडून डोळे सुजवून घेतले. या माणसानं ते सगळं काही दिवस चालू दिलं. शेवटी ताटवाटी वेगळी केल्याचा राग येऊन त्यानं खरं काय ते सांगितलं. छाती आपली नव्हतीच, जोतीरामची होती.

वहिनींनी विचारलं, "मग त्याला कळवलंत?"

"कळवून काय करू? लबाडी बाहेर येईल. नोकरी जाईल माझी."

वहिनी चूल तशीच सोडून भर दुपारी चिमणाबाईच्या घरी गेल्या आणि, पोराच्या छातीच्या फोटोत डाग निघालाय, आजच्या आज डॉक्टरकडे न्या, एवढं सांगितलं. जोतीरामला संध्याकाळी कणकण यायची, वजनही उतरलं होतं, पण खेळून दमणूक होते असं सगळे समजत होते. त्याला मिरजेला नेलं. तेव्हा नवी इंजेक्शनं निघाली होती, ती लागू पडली. खेळ सुटला, पण पोरगा वाचला.

चिमणाबाई भोळी. तिला वाटलं, साहेबांनी मायेनं आपल्या पोराची छाती तपासून घेतली. ती तांब्याभर धारोष्ण दूध घेऊन आली आणि तारळेकराच्या पाया पडली. आणि त्यानं पडू दिलं. गरिबाकडे बघायला नको का, असंही वर म्हणाला. श्यामलावहिनी उठून आत गेल्या.

दरम्यान त्यानं चोरून स्वतःचा फोटो काढून घेतला होता. छाती लख्ख निघाली. खोकला तो ओढायचा त्या तपकिरीचा होता. आता हा फोटो दिल्लीला पाठवायचा, तर पहिला कुणाचा होता ते सांगावं लागणार. तेवढी हिंमत या माणसात कुठली? ती जळजळ त्यानं जोतीरामवर काढली. पोरगा मिरजेहून परतला त्या आठवड्यात त्याला गल्लीत अडवून म्हणाला की, तुझ्यामुळं माझं कॅनडा बुडालं.

जोतीराम भिंतीला टेकून उभा होता. वहिनींकडून त्याला सगळं खरं कळलं होतं. आवाज न चढवता म्हणाला, "तुमी सोताची छाती घरात झाकून माझी पाठवलीसा. तितला डाग कळल्यावर त्योबी झाकून ठेवणार हुतासा. वैनी नसत्या तर आज मी न्हाय. आनि कॅनडाचं मला सांगताय व्हय?"

सारी गल्ली ऐकत होती. चिमणाबाईही दारात होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं त्या घरचा रतीब मागच्या दारी, वहिनींच्याच हातात द्यायला सुरुवात केली. पेठेनं त्याचं आडनाव बदलून कॅनडेकर केलं. कचेरीत नव्या कारकुनांना मात्र तो, थंडी मानवणार नाही म्हणून मीच नको म्हटलं, असं पेन्शनीत निघेपर्यंत सांगत राहिला.

पुढं बऱ्याच वर्षांनी जोतीरामचं लग्न झालं. तोवर त्यानं सायकलचं दुकान टाकलं होतं. बोलावणं श्यामलावहिनींना होतं, त्यांना मानाचं लुगडं होतं. कॅनडेकराला कुणी बोलावलं नव्हतं. तरी आला, पहिल्या पंगतीला बसला, आणि बुंदीला खवट वास येतो म्हणून वाढप्याशी भांडला.