आमेनमावशी

दुसऱ्याची प्रार्थना मध्येच तोडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना खाली, कोणीतरी भरल्या गळ्यानं देवाशी बोलतोय आणि कोपऱ्यातून खणखणीत आवाज यायचा, "आमेन!" एकदा आमेन झालं की पुढे बोलणार काय? बाकीचेही सवयीनं आमेन म्हणून डोळे उघडायचे आणि प्रार्थना करणारा बिचारा तोंड उघडं ठेवून उभा राहायचा. आमच्या सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळीत त्या बाईंचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना आमेनमावशीच म्हणायचे.

मी वैरागची. पाचवीला मला मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात आणून सोडलं, तेव्हा मावशी तिथं मेट्रन होत्या. अक्कलकोटकडच्या, ठेंगण्या, पदर कायम कमरेला खोचलेला. घरात कानडी आणि बाहेर खडखडीत मराठी. संध्याकाळी मुलींनी आळीपाळीनं प्रार्थना करायची असा नियम होता आणि भांडणासाठी आम्हांला ती वेळ फार सोयीची पडायची. दिवसभर जे तोंडावर बोलायची छाती नसायची ते डोळे मिटून बोलायचं. एकदा मी हात जोडून सुरू केलं, "प्रभू, माझ्या घरून आलेली शेंगांची चटणी जिनं संपवली आणि जी आत्ता माझ्या उजव्या हाताला बसली आहे, तिला तू—"

"आमेन! साकु." साकु म्हणजे पुरे. आमेननं भागलं नाही की मावशी कानडीवर यायच्या.

मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, "प्रार्थना वर जाती गं वैरागकरीण, बाजूला न्हाय जात. चटणीचं भांडण हाय तर चटणीवरनं भांडा की. देवाला कशाला मदी घालताय?" आणि आम्हा दोघींना अंगणात पाठवलं, भांडून झाल्यावरच आत या म्हणून. भांडा म्हणून सांगितल्यावर भांडण काही येईना. पेरूच्या झाडाखाली थोडा वेळ उभ्या राहून आम्ही गुपचूप जेवायला आलो.

पुढे मी सोलापुरातच शिक्षिका झाले, त्याच मंडळीची सभासद झाले, आणि मला वाटलं आता मोठ्या माणसांत बसायला मिळेल. कसलं काय! बुधवारी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा असायची आणि तिथं पिकल्या केसांची माणसं हुबेहूब आमच्या बोर्डिंगासारखी प्रार्थना करायची. "प्रभू, काही लोकांना तू चारचाकी दिलीस, पण देवळाचा रस्ता दाखवला नाहीस." हे 'काही लोक' समोरच्याच खुर्चीत बसलेले असायचे. त्यांची पाळी आली की तेही देवाला सांगायचे, "बापा, दुसऱ्याच्या गाडीवर डोळा ठेवणाऱ्यांची दृष्टी शुद्ध कर." ही सभा संपायची कशी, तर मावशींच्या आमेननं. पाळकसाहेबांनाही त्यात सूट नव्हती. एका रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपदेशानंतरच्या प्रार्थनेत ते मंडळीच्या पंचांच्या आळशीपणावर घसरले, तेव्हा मावशींनी त्यांनाही तिथंच थांबवलं. पाळकसाहेब चिडले, पण देवळात आमेन म्हणायला बंदी कशी करणार!

आता त्या वायरीबद्दल सांगायलाच हवं. सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

आमच्या मंडळीत दोन प्रकारची घरं. एक जुनी मराठी घरं, त्यांचे पुढारी निवृत्त मुख्याध्यापक रणभिसे सर. दुसरी पूर्व भागातली तेलुगू घरं, विणकरांची. त्यांचे दासरीअण्णा, घरात टॉवेलचे यंत्रमाग. वर्षानुवर्षं ही माणसं एका बाकावर बसत होती, एकमेकांच्या लग्नांत वाढत होती. रविवारी एक गीत तेलुगूत व्हायचं, त्यावर थोडी कुरकुर व्हायची, आणि चालायचं. एका कापणीच्या सणाला त्या गीताचं तिसरं कडवं सुरू होतं आणि माईक बंद पडला. अण्णा म्हणाले, सरांनी बंद केला. सर म्हणाले, वायर सैल होती. वायरमन आणला, त्यानं पाहिलं आणि सांगितलं की दोन्ही होऊ शकतं. झालं! बंद केला की पडला, एवढ्यावरून देवाची मंडळी दुभंगली.

आठ वाजता मराठी उपासना, अकरा वाजता तेलुगू. बुधवारच्या सभा दोन घरी. व्हॉट्सअपचे ग्रुप दोन, आणि दोन्हींचं नाव 'एक मंडळी'. सकाळी उठून पाहावं तर सरांच्या स्टेटसला गर्विष्ठांबद्दलचं वचन, आणि अण्णांच्या स्टेटसला ढोंग्यांबद्दलचं. पवित्र शास्त्रात प्रेमाबद्दलही बरंच लिहिलेलं आहे, पण ते त्या वर्षांत कुणाला सापडलं नाही. मावशी तेव्हा बोर्डिंगामागच्या चाळीत एका खोलीत राहायच्या. त्यांच्याकडे साधा फोन. मी गेले की म्हणायच्या, "आज कुणी कुणाला वचन मारलं, वाच बघू." मी वाचायची. "त्याच्याखाली आमेन लिव्ह. आणि त्या दुसऱ्याच्याखालीबी लिव्ह." मी मुकाट्यानं लिहायची आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायची.

दोन्ही उपासनांना जाणारं माणूस मंडळीत एकच उरलं, ते म्हणजे मावशी. आठला जायच्या, मग आवारातल्या पायरीवर बसून डब्यातली कडक भाकरी आणि चटणी खायच्या आणि अकराला पुन्हा आत. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा.

"मावशी, तुम्हांला तेलुगू कुठं कळतं?"

"मराठी कळून काय उजेड पडला गं?"

पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं, भाकर आणि द्राक्षरसाचं, ताट फिरायचं तेव्हा मावशी ते हातात घ्यायच्या आणि न घेता शेजारणीकडे द्यायच्या. आठलाही तसंच आणि अकरालाही तसंच. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, विसरल्या असतील. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "अर्धी माणसं उठून गेल्यात त्या पंगतीतनं. मी न्हाय जेवत असं. दोन्हीकडची बसू देत, मग घेईन." लग्नाच्या आधीपासून ज्या बाईनं एक प्रभुभोजन चुकवलं नव्हतं, नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा जी देवळात आली होती, ती आता भरल्या ताटाकडे पाहून ते पुढे सारत होती. ताट देताना त्यांचा हात थोडा रेंगाळायचा. मला ते बघवत नसे.

"हा हट्ट झाला, मावशी. त्यांना काही फरक पडत नाही. उपाशी तुम्ही राहताय."

"व्हय, हट्टच हाय. त्यांच्या हट्टाला कुणी हट्ट म्हनत न्हाय, माझाच बरा दिसला तुला."

आणि खरंच कुणाला फरक पडत नव्हता, याचाच मला संताप यायचा. सर म्हणायचे, मावशींचं वय झालंय. अण्णा म्हणायचे, मावशी आमच्याच आहेत, मनानं. एवढ्या मोठ्या मंडळीत आपल्यामुळे एक म्हातारी उपाशी राहते आहे, हे एकाच्याही डोक्यात शिरत नव्हतं.

मग गेल्या उन्हाळ्यात मावशी पडल्या. पक्षाघात. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आयुष्यभर जिनं एका शब्दावर मंडळी थोपवली, तिच्या तोंडून तो शब्दही निघेना. दवाखान्यातून खोलीवर आणल्यावर मी आणि महिला मंडळाच्या दोघीतिघी पाळीपाळीनं बसायचो. पाळकसाहेब एका दुपारी घरी प्रभुभोजन घेऊन आले. मावशींनी त्यांच्याकडे बघितलं, भाकरीच्या तुकड्याकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. पाळकसाहेबांना वाटलं गिळता येत नसेल. मला माहीत होतं काय ते.

मी तशीच उठून सरांच्या घरी गेले. सर पेपर वाचत होते. म्हणाले, "बाई, माझी ना नाही. पण आधी त्यांनी मान्य करावं की वायर सैल होती." तिथून रिक्षा करून पूर्व भागात अण्णांकडे. मागाच्या खडखडाटात अण्णा ओरडून म्हणाले, "येतो की! पन सरानं एकदा म्हनावं, माईक मीच बंद केला. मग बघा." मी आयुष्यात वडीलधाऱ्यांवर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी मागाच्याही वरताण ओरडले. "ती बाई मरायला टेकलीय अण्णा, आणि तुमच्या दोघांपायी उपाशी चाललीय! वायर घेऊन बसा तुम्ही, तिच्या शवपेटीत घाला ती वायर!" कारागिरानं माग थांबवला. घरी येऊन मी हेच वाक्य सरांना फोनवर पुन्हा ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. एकमेकांकडे न बघता खाटेच्या दोन बाजूंना बसले. पाळकसाहेबांनी सरांना प्रार्थना करायला सांगितलं. सरांनी सुरुवात छान केली, मावशींच्या सेवेबद्दल, बोर्डिंगातल्या मुलींबद्दल. मला बरं वाटायला लागलं, तोच त्यांची गाडी घसरली. "आणि हे प्रभू, ज्यांनी क्षुल्लक कारणावरून तुझी ही मंडळी फोडली, त्यांना—"

सर थांबले. आम्ही सगळेच थांबलो. इतक्या वर्षांची सवय. त्या जागी आमेन यायचंच. ते आलं नाही. मी डोळे उघडले. मावशी सरांकडे टक लावून बघत होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं, ओठ जरासे हलत होते आणि आवाज नव्हता. सरांनीही डोळे उघडले होते. त्यांनी वाक्य तिथंच सोडून दिलं आणि अगदी हळू, शाळेत चुकलेल्या मुलासारखं म्हणाले, "आमेन."

मग अण्णा तेलुगूत सुरू झाले. मला तेलुगू येत नाही. मध्येच 'रणभिसे सर' ऐकू आलं आणि मी पदर आवळून धरला. अण्णाही तिथंच अडले. त्यांनीही मावशींकडे पाहिलं आणि स्वतःच आमेन म्हटलं. पुढे कधीतरी मी त्यांना विचारलं, काय म्हणणार होता? म्हणाले, "सरांचं जे म्हनायचं ऱ्हायलं, तेच की, बाई."

पाळकसाहेबांनी भाकर मोडली. आधी सरांना दिली, मग अण्णांना. मावशी ते बघत होत्या. मग त्यांनी तोंड उघडलं. आडवं असताना गिळता येईना, म्हणून अण्णांनी मागून हात घालून त्यांना उठवून बसवलं, आणि द्राक्षरसात भिजवलेला तुकडा चमच्यानं सरांनी भरवला. रस हनुवटीवर ओघळला तो सरांनी आपल्या रुमालानं पुसला. मला रडू आलं आणि त्याच वेळी दोघांना धरून हलवावं असंही वाटलं. एवढंच करायचं होतं ना? मग तिला इतकी वर्षं ताटकळत कशाला ठेवलंत?

पावसाळा संपता संपता मावशी गेल्या. कबरस्तानात तेलुगू गीत सगळ्या कडव्यांसह झालं. तिथं माईक नव्हताच.

यानंतर मंडळी सुधारली असं मी लिहिलं असतं, पण खोटं कशाला लिहू? उपासना पुन्हा एक झाली, प्रभुभोजनाचं ताट एक झालं, हे खरं. पण मावशींच्या नावानं देवळात एक बाक ठेवायचं ठरलं, आणि त्यावरची पाटी मराठीत असावी की तेलुगूत, यावर चार सभा झाल्या. कुणीतरी सुचवलं, मावशींची भाषा तर कानडी होती. मग पाचवी सभा झाली. बाक अजून सुताराकडेच आहे.

मागच्या बुधवारी प्रार्थनासभा माझ्या घरी होती. सर खिडकीपाशी आणि अण्णा दाराजवळ बसले होते. माझी पाळी आली. मी डोळे मिटले, आजारी माणसांसाठी मागितलं, परीक्षेच्या मुलांसाठी मागितलं, आणि मग काही केल्या मला राहवेना. "आणि प्रभू, या खोलीत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना, जे एका पाटीवरून पुन्हा—"

"आमेन!"

खिडकीकडून आणि दाराकडून, एकाच वेळी, खणखणीत. सगळ्यांनी सवयीनं आमेन म्हटलं आणि डोळे उघडले. मी तोंड उघडं ठेवून उभी होते. सर चष्मा पुसत होते. अण्णा म्हणाले, "बाई, च्या हाय का न्हाय?"

मी आत जाऊन आधण ठेवलं. मावशींची इतकी आठवण आली की चहा उकळून वर येईपर्यंत मला बाहेर जाता आलं नाही.