वाय दोनदा

मालन घाटकोपरच्या भटवाडीत राहायची आणि अंधेरीला एमआयडीसीतल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर यंत्रांची माहितीपुस्तकं टाइप करायची. १९८८च्या फेब्रुवारीत तिचा नवरा सहदेव काविळीने गेला. महिन्याभराने ती कामावर परत आली, तेव्हा ऑफिसात कंट्रोल आणि वाय या दोन बटणांवरून वाद पेटला होता.

जुन्या प्रोग्राममध्ये ही बटणं एकत्र दाबली की ओळ पुसली जायची आणि गेलेली ओळ परत यायची नाही. सगळ्यांत जुना ऑपरेटर दत्ताराम याला ती सवय होती. नवा प्रोग्रामर चंद्रप्रकाश याने मात्र ऑफिससाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये आधी प्रश्न घातला होता: नक्की पुसू? हो म्हणायला पुन्हा वाय.

"दर ओळीला काय विचारतोस रे? हात अडतो माझा," दत्ताराम म्हणाला.

"अडलाच पाहिजे. माणूस चुकतो."

"मालन, तू सांग. तुला कसं पाहिजे?" दत्तारामने विचारलं.

"कसंही चालेल."

तिला खरंच काहीही चालत होतं. सासू विचारायची, जेवलीस का? शेजारची लता विचारायची, झोप लागते ना गं? मालन हो म्हणायची. थोड्याच दिवसांत तिचं बोट न बघता वाय दोनदा दाबू लागलं.

एका दुपारी पंपाच्या पुस्तकातलं अख्खं प्रकरण पुढे हलवायचं म्हणून तिने त्यावर खूण करून ठेवली होती. मध्येच एक चुकलेली ओळ दिसली. ती पुसायला तिने बटणं दाबली. पडद्यावर आलं, खूण केलेला सगळा भाग पुसू? तिने वाय दाबलं. हिरवी अक्षरं गेली. तिला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही.

चंद्रप्रकाश येऊन बघून गेला, मग परत आला. "मालनताई, प्रश्न आला होता ना? वाचला नाहीत?"

"कोणी विचारलं की मी हो म्हणते," ती म्हणाली. "सध्या तसंच होतंय."

प्रकरणाच्या हस्तलिखिताची निम्मी पानं उचलून दत्ताराम शेजारच्या मशीनवर टाइप करायला बसला.

पुढे चंद्रप्रकाशने तो प्रश्न काढून टाकला आणि पुसलेलं परत आणायची सोय केली. मालनला त्याने ती वापरून बघायला लावली. तिने एक ओळ पुसली, परत आणली. थोडा वेळ ती त्या ओळीकडे बघत राहिली.

"जमलं ना?" त्याने विचारलं.

"हो," मालन म्हणाली आणि पुढचं पान टाइप करायला घेतलं.