गंगाफळाला बाईचा विळा

इंदिराबाईला गावात कोणी वाईट म्हणत नसे, कारण वाईट म्हणायला तरी माणसाची दखल घ्यावी लागते. नवरा गिरधर सावद्याला केळीचे ट्रक भरायला म्हणून गेला आणि तिथंच दुसरीबरोबर संसार मांडून बसला, त्याला बरीच वर्षं झाली होती. मागं राहिलेली ही बाई चोपड्याजवळच्या खेड्यात, जेठाच्या, थोरल्या दिराच्या, खळ्याला लागून असलेल्या एका खोलीत राहायची, मजुरीला जायची आणि विहिरीच्या पाटाशेजारी टीचभर तुकड्यात वेल लावायची. कपाळाला कुंकू होतं, पोरबाळ नव्हतं. सवाष्ण म्हणून मान नाही आणि विधवा म्हणून कीवही नाही, अशी तिची गत.

तिला सलत होती ती कानबाई, खानदेशात घरोघरी बसणारी देवी. श्रावणात जेठाच्या, म्हणजे सुकदेवच्या घरी सगळ्या भाऊबंदकीची कानबाई बसे. रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात पडत. गिरधरच्या नावाचेही पडत, मग तो तिकडं सावद्याला दुसरीच्या पोरांची बारशी का करत असेना. ते गहू दळायचे इंदिराबाईनं, भांडी घासायची इंदिराबाईनं, आणि जेवायची पाळी सगळ्यांच्या शेवटी, पातेल्याचा तळ खरवडून. एकदा तिची जाऊ, सुकदेवची बायको प्रमिलाबाई, भर पंगतीत म्हणाली होती, "नवराच नही ते कोनी भाऊबंदकी?"

रोटाच्या जेवणात गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी हवीच. सत्त्याऐंशी सालच्या कानबाईला ती कमी पडली, तेव्हा सुकदेव मिशीवरचं पाणी पुसत म्हणाला, "इंदिराबाई, पुढला साले बठ्ठी भाऊबंदकीले पुरी इतलं गंगाफळ आन. तुले पहिल्या पंगतमा बसाडसू."

माणसं हसली. ही थट्टा आहे हे न कळण्याइतकी इंदिराबाई भोळी नव्हती. पण चार माणसांत दिलेला शब्द तो शब्द, असं तिनं मनाशी घट्ट धरलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं यावलकडचं, माहेरचं बी लावलं. वेलावरची बाकी फळं कोवळी असतानाच खुडून टाकली आणि एकच ठेवलं. त्याच्या खाली कोरडी वाळू आणि तुराट्या घातल्या, वर गोणपाटाची सावली केली, शेणखत पोटच्या पोराला घास भरवावा तसं थोडंथोडं दिलं. आखाड लागेपर्यंत ते फळ माणसाच्या मिठीत मावेना. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. प्रमिलाबाईही एकदा येऊन बघून गेली आणि काही न बोलता गेली. इंदिराबाईला त्या न बोलण्याचा फार आनंद झाला.

आखाडातल्या झडीत सुकदेवचं वासरू सुटलं आणि वाफ्यातून उधळत गेलं. फळाच्या कुशीला खुराची खोच पडली. तिनं राख लावली, हळद लावली. पण पाऊस उघडेना. मग एके सकाळी तिथं बोट टेकलं तर बोटच आत गेलं, आणि आंबूस वास आला.

सडलेलं कापून काढायचं, टणक नारिंगी गर लागेपर्यंत. मग वारा-ऊन देऊन जखमेला राख आणि चुना भरायचा. एवढं तिला आईपासून ठाऊक होतं. अडचण विळ्याची होती. अख्ख्या गंगाफळाला पहिलं पातं पुरुषानं लावायचं असतं. गंगाफळ म्हणजे घरातला थोरला पोरगा. बाईनं त्याला विळा लावला तर पोराला लावल्यासारखा. एरवी घरचं साधं फळ चिरायचं झालं तरी ती ते उचलून शेजारच्या तोतारामच्या ओट्यावर नेई. तो एक चीर पाडून देई, मग पुढचं ती चिरी.

ती पदर सावरून सुकदेवच्या दारात गेली. "आबा, गंगाफळले विळा लावना पडी. सडाले लागनं."

"सकाय दखसू," सुकदेव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला बाजार होता. मग पाहुणे होते. मग त्याचा गुडघा दुखत होता. थट्टेत दिलेला शब्द आता फळाएवढा फुगून दारात येणार होता, आणि तो जर आपोआप सडून जात असेल तर सुकदेवला घाई कशाची? इंदिराबाई तोतारामकडे गेली, तर त्यानं मान हलवली. "कानबाईनं फळ शे, बहीन. तुना जेठ लावत नही, मी कसा लावू?" तो वाईट माणूस नव्हता. फक्त भित्रा होता, आणि अशा वेळी दोन्हींचा उपयोग सारखाच.

तिनं आधी नखांनी कोरलं, कारण नखांना कोणी विळा म्हणत नाही. मग बांबूच्या कामटीनं कोरलं, मग पळीनं. मऊ झालेलं निघालं. पण काळी कड टणक गरात शिरत होती, तिथं पळी काय करणार? ती वाफ्यात बसून रडली. मग उठून घरात गेली आणि विळा घेऊन आली. पोरगा म्हणता ना, ती मनात म्हणाली, मग आजारी पोराला सुई टोचतातच की. तिनं काळी कड सगळी काढली, स्वच्छ नारिंगी रंग दिसेपर्यंत. नशिबानं ऊन पडलं. जखम राखेखाली सुकली, तिच्यावर चामड्यासारखी खपली धरली आणि फळ वाचलं.

कानबाईच्या आदल्या दिवशी तोतारामनं आणि तीन गड्यांनी ते बाजेवर घालून सुकदेवच्या अंगणात आणलं. इंदिराबाई नवं लुगडं नेसून मागं चालत होती. सुकदेव सुरी घेऊन वाकला आणि खपलीपाशी थांबला.

"हाई कोनी कापं?"

साळिंदरानं खाल्लं, असं सांगायचं तिनं ठरवून ठेवलं होतं. पण त्याच्या तोंडाकडे बघून तिचा राग उसळला. "मी," ती म्हणाली. "तुमले सांगाले उनू. तुम्ही उनात नही, मंग मी विळा लावा."

भाऊबंदकीतली सगळ्यांत म्हातारी मंजुळाबाई काठी टेकत पुढं आली. "बाईना विळा लागना. कानबाईले हाई चालाव नही." प्रमिलाबाईनं दिवस गेलेल्या सुनेला हाताला धरून आत नेलं, जणू फळातून काही उडून तिच्या पोटाला लागणार होतं. सुकदेवनं सुरी खाली ठेवली. "मना काय उपाय शे?" तो म्हणाला, आणि त्याचा गुडघा अजिबात दुखत नव्हता. बाज जशी आली तशी परत गेली.

सुकदेवचा माणूस चोपड्याहून गंगाफळ घेऊन आला. सणाच्या बाजारात अख्खं फळ शिल्लक नव्हतं, म्हणून सुनंदाबाई भाजीवालीकडच्या फोडी आणल्या. सुनंदाबाई दिवसभर आपल्या हातानं फळं चिरून फोडी विकते, हे चोपड्याचा बाजार केलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या फोडी कोणी कापल्या, हे कोणी विचारलं नाही. पहिल्या पंगतीनं भाजी दोनदा मागून घेतली. तोतारामनं हे येऊन इंदिराबाईला सांगितलं.

तिनं दार लावून फळ चिरलं. आत सड गेलीच नव्हती. गर सुकदेवच्या म्हशींपुढं टाकला, आणि बिया धुऊन, वाळवून तव्यावर घातल्या.

कानबाई पाण्यात गेल्यावर काही दिवसांनी प्रमिलाबाई दारात आली. "बी ते दे, इंदिरा. इतलं मोठं फळ. वान बुडाले नको."

इंदिराबाईनं तिच्या हातावर मूठभर बिया ठेवल्या. "भाजेल शे, अक्का. खाई ल्या."

पुढच्या उन्हाळ्यात पाटाशेजारचा तुकडा रिकामाच राहिला. श्रावणात सुपात गिरधरच्या नावाचे सव्वा मूठ गहू पडले.