ज्युडच्या शेवंतीवर कोणाची नजर?

आमच्या आळीतला ज्युड असा संशयी, की लादीतला एक पाव जरा बारका निघाला तरी पाववाल्याच्या सायकलीमागे धावेल! त्यात यंदा त्याच्या शेवंतीला कळीच धरेना. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आईच्या कबरीवर शेवंती वाहायची ती घरचीच, हा त्याचा नेम. दिवस जवळ येत चालला आणि रस्त्याकडची रोपं आपली नुसती हिरवीगार, कमरेएवढी, मुकी.

संशय थेट शेजारच्या एरॉलवर.

"कुंपणापलीकडून काहीतरी ओततो तो. मातीला वास मारतोय."

"शेणाचा मारतोय," बायको ॲंजेला म्हणाली. "तुम्हीच टाकलंय."

"मग त्याचीच कशी कळ्यांनी भरली?"

ज्युडनं एरॉलशी बोलणं टाकलं. ऑक्टोबर म्हणजे रोज संध्याकाळी एकेका घरी रोझरी, जपमाळेची प्रार्थना. एरॉलच्या घरची पाळी आली तर म्हणाला, "गुडघा दुखतोय." आणि त्याच दुखऱ्या गुडघ्यावर, दिवेलागणीला, फणसाआड उकिडवा बसून पहाऱ्याला हजर!

रस्त्यावरचा नवा दिवा पेटला, पांढराफेक. गेल्या वर्षी रोझरीहून परतताना ॲंजेला अंधारात गटारात पडली, हात मोडला. तेव्हा तिनंच आळीभर सह्या गोळा करून हा दिवा आणला होता.

कुंपणाशी कोणी फिरकेना. कंटाळून ज्युडनं शेजारी पाहिलं, तर नाकासमोर कळ्या! दिव्याच्या उजेडात फणसाची सावली पडली होती तेवढ्याच जागेत. सावली संपली, तिथं कळ्याही संपल्या. एरॉलची शेवंती तर घरामागे, काळोखात.

शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. इथं बिचारीला रात्रच दिसली नव्हती.

ज्युडनं दगड उचलला, दिव्यावर नेम धरला. तेवढ्यात रोझरी आटोपून बायका आल्या. पुढे ॲंजेला, बरा झालेला हात हलवत, खाली न बघता, गप्पा मारत. दगड हातातून हळूच सुटला.

त्यांना पोचवायला मागून एरॉल. "काय रे ज्युड, गुडघा बरा दिसतोय! उकिडवा बसलास?"

"माती बघत होतो," ज्युड पुटपुटला. "उद्याची रोझरी आमच्याकडे. ये."

कबरीवर त्या साली सावलीतली ओंजळभर शेवंती वाहिली गेली. आता ज्युडचीही रोपं घरामागे, अगदी एरॉलच्या कुंपणाला लागून. रोज सकाळी तो पाणी घालतो, आणि इकडेतिकडे पाहून चिमूटभर माती अजूनही हुंगतो!